वरचा हॉल

झुंबर वाघचौरे लासलगावच्या मार्केटात कांद्याचे लिलाव पुकारायचा. वर्षानुवर्षं ट्रॅक्टरवर उभं राहून ओरडल्यामुळे त्याचा गळा असा तयार झाला होता की हळू बोलणं म्हणजे काय, हे तो विसरूनच गेला होता. त्यात दारू. दारू प्यायल्यावर तर बोलूच नका.

शेवटी एकदा त्यानेच दारू सोडणाऱ्यांच्या मंडळाला फोन लावला. फोनवरचा माणूस म्हणाला, "रविवारी सकाळी या. पंचवटीत, मंगल कार्यालयाच्या मागची इमारत, वरचा हॉल." नाशिक ठरलं हे बरंच झालं. लासलगावात असतं तर अख्ख्या मार्केटात बोभाटा झाला असता.

"मीटिंगला चाललो," रविवारी तो बायकोला म्हणाला.

लताबाईने कमरेला पदर खोचला. "आजवर तुम्ही ज्या ज्या मीटिंगला गेलात, तिथून लोकांनी उचलून आणलंय. आज मीबी येते."

दोघं पंचवटीत निमाणी बसस्टँडला उतरली. पत्ता विचारायची झुंबरला लाज वाटत होती. पानाच्या टपरीवाल्याच्या कानाशी वाकून तो आपल्या परीने कुजबुजला, "दादा, दारू सोडायची मीटिंग कुठं भरती?"

समोरच्या बाकावरचे तिघं वळले. रिक्षावाल्याने पेपर खाली केला. टपरीवाल्याने कान चोळत बोट दाखवलं.

"माझ्या मेव्हण्यासाठी विचारतोय," झुंबर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"माझा भाऊ माळकरी हाय," लताबाई त्याहून मोठ्याने म्हणाली आणि पुढे चालू लागली.

इमारत सापडली. पहिल्या मजल्यावर हॉल होता, दार उघडं होतं. दारातल्या मुलीने गुलाबाचं फूल दिलं, चहा दिला, पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. झुंबरला भरून आलं. दारुड्याला एवढा मान!

स्टेजवर टाय लावलेला एक तरुण, योगेश, माइक घेऊन उभा होता. एकेकाला बोलावत होता. एक बाई म्हणाली, "आधी मला सकाळी उठवत नव्हतं. आता माझं आयुष्य बदललं." टाळ्या. एक गृहस्थ म्हणाले, "घरचे माझ्याकडे बघत नव्हते, आता अभिमानाने बघतात." पुन्हा टाळ्या.

"अहो," लताबाई पुटपुटली, "हे पिणारे वाटत नाय. लय गुटगुटीत हायेत."

"सोडल्यावर होतात तसं," झुंबर म्हणाला. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"काका, तुम्हीही बोला ना!" योगेशने हात पुढे केला.

झुंबर उठला. माइक त्याने बाजूला सारला.

"मी झुंबर. मी दारू पितो. एकदा पिऊन लिलावाला उभा राहिलो अन् कांद्याच्या ऐवजी व्यापाऱ्याची मोटरसायकल पुकारली. बोलीबी लागली." कुणीतरी खुदकन हसलं. झुंबरही हसला, पण मग त्याचा आवाज चिरकला. "पोरीच्या साखरपुड्यात पाहुण्यांच्या चपलांवर झोपलो होतो. पोरगी आता फोन तिच्या आईलाच करती. मी शेजारी बसून ऐकतो."

योगेशचं तोंड उघडंच राहिलं. मग सवयीने तो सावरला. "बघा मित्रांनो! आणि आपला हर्बल ज्यूस सुरू केल्यावर काकांची दारू..."

"कसला ज्यूस?" लताबाई उभी राहिली. "काल सांजच्यालाबी पीतच होते!"

असा हशा पिकला की फुलं देणारी मुलगीही भिंतीला टेकली. बाजूची बाई डोळे पुसत म्हणाली, "मावशी, तुम्हाला हवी ती मीटिंग याच्या वर आहे. अजून एक जिना."

झुंबर खाली मान घालून बाहेर पडला. जिन्यात मागे पावलं वाजली. योगेश होता. टाय त्याने खिशात कोंबला होता.

"काका, दर रविवारी मी इथे खाली ज्यूस विकतो," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "वरच्या मीटिंगची पाटी दर वेळी वाचतो. पण हा जिना काही चढवत नाही."

लताबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याच्या तोंडाचा वास तिच्या ओळखीचा होता. "चढ, बाबा," ती म्हणाली. "यांना पकडून धर. पळालात तर दोघं पळाल एकदम, मला पकडायला सोपं पडेल."

वर पंधरावीस माणसं गोल करून बसली होती, आणि सगळी हसत होती. "या झुंबरभाऊ," एक म्हातारे गृहस्थ खुर्ची सरकवत म्हणाले. "तुमचं सगळं वर ऐकू आलं. आता हळू सांगा, नाहीतर खालच्यांना परत ऐकू जायचं."

झुंबर पुन्हा बोलला, थोडंच. योगेशची पाळी आली तेव्हा सकाळपासून माइकवर बडबडणाऱ्या त्या पोराला नावाच्या पुढे एक शब्द फुटेना. कुणी घाई केली नाही. त्याला चहा दिला.

त्या दिवशी झुंबर प्यायला नाही. मंगळवारी प्यायला. पुढच्या रविवारी मात्र लताबाई चप्पल घालण्याआधीच तो दारात उभा होता, आणि वर जाऊन त्याने सगळ्यांदेखत मंगळवारचं सांगून टाकलं. योगेश त्याच्या आधीच येऊन बसला होता.