पिंप उडवा!

हो, मीच बोलतोय, हे निळं पिंप. पोटावरची कवटी बघून दचकू नका, ती रंगवलेली आहे. माझ्यात विष कधीच नव्हतं. आठ वर्षं मी एका लाँड्रीत पातळ साबण सांभाळला. माझ्याइतकं स्वच्छ चारित्र्य कुणाचं असेल तर दाखवा!

झाकणाचे आटे गेले तसं लाँड्रीवाल्या काकूंनी मला अडगळीत टाकलं. तिथून सिनेमाचं सामान पुरवणाऱ्या ताईंनी मला उचललं, पोटावर कवटी काढली, आणि मी एकदम खलनायक झालो.

सिनेमा दोन मित्रांचा होता, एक जाड्या आणि एक रोड्या. कारखानदार तळ्यात विष ओततो आणि हे दोघं मारामाऱ्या करत, एकमेकांच्या पायात अडखळत ते तळं वाचवतात. शेवटी तळ्याकाठी माझा स्फोट व्हायचा होता. ते ऐकलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

त्या दिवशी माझ्या तोंडात दारू ठासून झाली होती. तेवढ्यात ताई दिग्दर्शकांना म्हणाल्या, "साहेब, सिनेमा तळं वाचवायचा, आणि त्याच तळ्यात आपण प्लास्टिकचे तुकडे उडवायचे? लोक तोंडात शेण घालतील की."

साहेबांनी डोकं खाजवलं. "खरंय," ते म्हणाले आणि लांब बसलेल्या लेखकाला कर्ण्यातून ओरडून सांगितलं, "पिंप उडवा!"

म्हणजे कागदावरून उडवा. पण पलीकडे बटणापाशी धमाकेवाले मामा बसले होते. त्यांच्या उभ्या आयुष्यात 'उडवा'चा अर्थ एकच.

"उडवतो, साहेब!" त्यांनी कानात कापूस घातला आणि मोजायला लागले. "दहा... नऊ..."

सगळे ओरडले, पण कापूस पक्का होता. जाड्याच्या हातातला चहा सांडला. तो सरळ माझ्याकडे धावत सुटला. रोड्या त्याच्यामागे, "अरे गाढवा, मरशील ना!" जाड्यानं मला मिठी मारली, रोड्यानं त्याचा पट्टा धरून ओढला, आणि आम्ही तिघंही गडगडत चिखलात गेलो. मामांनी मान वर करून पाहिलं आणि चटका बसावा तसं बटणावरचं बोट उचललं. माझा जीव भांड्यात पडला. भांडं मीच, हा भाग वेगळा.

"नुसतं ओरडायचं ना रे!" रोड्या रडत रडत जाड्याला बुक्के मारत होता. सिनेमात ते रोज भांडायचे, पण हे भांडण खरं होतं. कॅमेरा मात्र चालूच राहिला होता. शेवट म्हणून तेच ठेवलं, आणि ताई सांगतात, लोक तिथेच सगळ्यात जास्त हसतात.

आता मी ताईंच्या अंगणात, पन्हळीखाली पावसाचं पाणी साठवतो. कवटी बघून पोस्टमन अजून लांबूनच पत्र फेकतो. माझं काही म्हणणं नाही. मी सुटलो, तळं सुटलं, फार बरं वाटतं.

एवढंच सांगणं आहे. कुणी म्हणालं 'उडवा', तर बटण दाबण्याआधी विचारा, "कुठून?"