कोमट म्हणू नका

मित्रांनो, मी विजेवर पाणी तापवणारा एक शॉवर आहे. जुना म्हणालात तर चालेल. कोमट म्हणालात तर चालणार नाही.

कारखान्यात माझ्या पोटात वेटोळी तार बसवली आणि पोटावर छापलं : २२० व्होल्ट, ५५०० वॅट. फ्लोरियानॉपोलिसला, रोझिलेनेच्या माहेरी, मी सहा हिवाळे असा तापलो की माणसं न्हाणीबाहेर यायला तयार नसत. लग्न होऊन ती कुरितीबाला निघाली, तेव्हा तिनं मला टॉवेलात गुंडाळून बरोबर घेतलं. आमच्याकडे घर बदललं की शॉवर काढून नेतात. भिंतीतले व्होल्ट मात्र मागेच राहतात.

सासरी मला मागच्या न्हाणीत टांगलं. पुढच्या न्हाणीत सासूबाईंचा, म्हणजे दोना ओतीलियांचा, शॉवर. अवघ्या ४४०० वॅटचा! तरी त्याच्याकडे वाफेचे लोट आणि माझ्याकडे जूनमधल्या आमच्या ऐन हिवाळ्यात जेमतेम कोमट धार. कुणी त्याचं कौतुक केलं की माझ्या पोटातल्या तारेला पीळ पडायचा.

"सूनबाई, हा शॉवर आहे की गळकी किटली? शनिवारी भंगारवाला येतोय, देऊन टाक."

"आई, माहेरी हा उकळायचा हो!"

"माहेरी सगळ्यांचंच सगळं उकळत असतं गं!"

शुक्रवारी रोझिलेनेनं वायरमन जेनेझियोला बोलावलं. माझं पोट वाचून तो हसला.

"ताई, ५५०० भागिले २२०?"

"पंचवीस."

"हे झाले अँपिअर. आता २२० भागिले पंचवीस, ८.८ ओहम. हा याच्या तारेचा रोध. गाव बदललं म्हणून तो बदलत नाही. इथं याला मिळतात १२७ व्होल्ट. त्याला ८.८ नं भागा."

"साडेचौदा अँपिअर, जवळजवळ."

"त्याला १२७ नं गुणा."

"अठराशेच्या वर थोडे... अगं बाई, तिसरा हिस्सा! उपाशी ठेवून राबवलं की याला!"

जेनेझियोनं जाड तारा ओढून, एकाऐवजी दोन फेज जोडून मला २२० व्होल्ट दिले. मी असा तापलो की आरसा दिसेनासा झाला.

दोना ओतीलियांना ते बघवेना. "माझ्यालाही दे रे २२०. तिप्पट गरम होऊ दे."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मी मनात म्हटलं, द्याच!

"सूनबाईंना विचारा, आता त्यांना येतं," जेनेझियो म्हणाला.

रोझिलेनेनं पेन्सिल उचलली. "याच्यावर १२७ व्होल्टच छापलेत. ४४०० भागिले १२७, पस्तीस अँपिअरच्या आत. म्हणजे रोध पावणेचारच्याही खाली. २२० दिले तर साठ अँपिअर! आई, तेरा हजार वॅट होतील. तार वितळेल त्याची."

"नको गं बाई! राहू दे माझ्या लेकराला."

आणि तो वाचला. माझ्या माणसानं वाचवला!

शनिवारी भंगारवाला रिकाम्या हातानं गेला. दोना ओतीलिया "सहज बघते" म्हणत माझ्याखाली उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अगं, भाजलं!" इतकं गोड मला आजवर कुणी बोललेलं नाही.

मित्रांनो, कुणालाही भंगारात काढण्याआधी त्याच्या पोटावरचं वाचा, तीन भागाकार आणि एक गुणाकार करा, आणि त्याला हवे तेवढेच व्होल्ट द्या. कमी नकोत, जास्तही नकोत.

पुढच्या न्हाणीतला अजून आहे. त्यानं माझं काहीच बिघडवलेलं नाही. त्याला माफ करणं म्हणूनच जड जातंय.