पिवळं पाणी

कुरुंदवाडच्या बाहेर आंब्याखाली दर रविवारी एवढी माणसं जमत, की ट्रॅक्टर लावायला जागा उरत नसे. महापूर ओसरला होता आणि गढूळ पाण्यासोबत गावोगाव कावीळ आली होती. त्यावर उतारा एकच, गुंडूमहाराज! ते रोग्याच्या तळहातांना आपलं तीर्थ चोळत आणि हात चुन्याच्या निवळीत बुडवायला लावत. बघता बघता परात हळदीसारखी पिवळी.

"बगा पावणं, बगा! रगतातलं इष उतरतंय! डाक्टर टोचून रगात काढतोय, आमी न टोचता कावीळ काढतोय!"

शिरोळच्या अक्काताईंनी हात जोडले. परातीपुढे त्यांचा कॉलेजातला मुलगा अरिहंत बसला होता. आंब्याचं खोड पुरुषभर उंचीपर्यंत सोललेलं त्यांना दिसलं, पण शेरडांनी खाल्लं असेल म्हणून त्यांनी तो विषय सोडला. एवढी उंच शेरडं कुठली, हे काही त्यांच्या मनात आलं नाही.

चार आठवड्यांत अरिहंत खडखडीत बरा झाला. मग अक्काताईंची नजर नवऱ्याकडे वळली.

शांतिनाथांना आठ वर्षं हिपॅटायटिस बी ही जुनाट कावीळ होती. दिवस मावळायच्या आत जेवण आणि जेवणावर एक गोळी, हा त्यांचा नेम.

"अगं, माझं दुखणं निराळं हाय. उसाला पाणी पाजतोय, दोन भाकरी खातोय. मला काय झालंय?"

"मग जन्मभर गोळी कशाला वो? पोराची गेली, तुमची न्हाय व्हय जाणार?"

महाराजांनी परात पिवळी करून दाखवली आणि बजावलं, "गोळी आन् तीर्थ एका अंगात नांदत न्हाईत."

शांतिनाथ बायकोकडे बघून हसले. "तुझं समाधान हुतंय न्हवं? मग आजपास्नं गोळी बंद."

दोन महिने माणूस अर्धी भाकरी जास्त खात होता. अक्काताई घरोघर सांगत सुटल्या. तिसऱ्या महिन्यात शांतिनाथांचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं. कोल्हापूरच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. शुद्धीवर होते तोवर एकच म्हणाले, "हिला कुणी बोलू नका."

लेक सोनल नर्स. ती खरंच आईला काही बोलली नाही. वडील गेल्यावर महिन्याभराने एका दुपारी मात्र तिने परसात दोन भांडी मांडली. आंब्याची साल भिजवलेलं पाणी आईच्या तळहातांना चोळलं आणि ते हात चुन्याच्या निवळीत धरले. निवळी पिवळीजर्द झाली.

"आई, तुला कावीळ हाय?"

"न्हाय गं."

"मग काय उतरलं?"

अक्काताईंना ते सोललेलं खोड आठवलं. त्या पुटपुटल्या, "पर अरिहंत बरा झाला की."

"तो हुणारच हुता. पुराच्या पाण्यातनं आलेली कावीळ पावण्यासारखी असती. चार-सहा आठवडे ऱ्हाती, दवाखान्यात दाखवून जपलं की बहुतेकदा आपली आपण जाती. दारात जो उभा असंल तो म्हणतो, मी घालवली. अप्पांची घरातच ऱ्हायला आलेली, आई. ती जात न्हाय. रोजच्या गोळीनं तिला गप बसवायचं असतं. ती गप हुती, म्हणून तुला वाटलं न्हाईच."

"असं कुणी सांगितलंच न्हाय गं मला आठ वर्षांत."

"मी सांगाय पायजे हुतं," म्हणत सोनल तिथंच ओल्या फरशीवर बसून रडायला लागली.

रविवारी अक्काताई पुन्हा आंब्याखाली गेल्या. त्यांनी महाराजांकडून हात चोळून घेतले आणि परात पिवळी झाल्यावर कालच्या रक्ततपासणीचा कागद फडकवला. "मला काय बी झालेलं न्हाय! तरी पिवळं! साल ह्या झाडाची, चुना दुकानातला. तुमी घरी करून बगा!"

"बाई शोकानं येडी झालीया," महाराज म्हणाले. काही माणसं उठली, काही तशीच बसून राहिली.

रांगेत एक तरुण बाई नवऱ्याला घेऊन उभी होती.

"कवापास्नं हाय ह्यास्नी?" अक्काताईंनी विचारलं.

"सा वर्सं झाली, मावशी." तिने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. "आजपास्नं सोडायच्या म्हणत्यात महाराज."

अक्काताईंनी ते पाकीट तिच्या मुठीत घट्ट दाबलं. त्यांच्या बोटांचा पिवळा रंग त्याला लागला.

"नव्या दुखण्याचा न्याय जुन्या दुखण्याला लावू नगो, लेकी. डाक्टरला इचारल्याबिगर एक गोळी चुकवू नगो. माझ्या घरात अजून दोन पाकिटं शिल्लक हायत बग. खाणारा माणूस न्हाय."