मी वाकडा बांध, सरळ होणार नाही

मी एक जुना बांध आहे. जुना म्हणजे पाच पावसाळ्यांचा. हसू नका, मित्रांनो. बांधाचे वय त्याने अंगावर घेतलेल्या पाण्यावर मोजायचे असते, आणि तसे मोजले तर मी चांगला पिकलेला आहे. वर्ध्याहून पुलगावकडे जाताना रेल्वेच्या रुळापलीकडे एक लांब उतार लागतो. त्या उतारावर मी आडवा पडलो आहे. उंचीने माणसाच्या कमरेइतका, लांबीने तीन वावरे ओलांडणारा, आणि अंगाने वाकडा. वाकडा हे मी आधीच सांगून टाकतो. मला पाहणारा प्रत्येक जण तेच सांगतो आणि मला त्याचा वीट आला आहे.

माझा जन्म झाला तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता. आता तो मुंबई राज्यात गेला. मी जागचा तसूभरही हललो नाही.

मी नव्हतो तेव्हा या उतारावरचे पाणी मोकाट होते. पाऊस झाला की ते धावत सुटे आणि खालचा नाला काळाकुट्ट होऊन वाहू लागे. लोक म्हणत, यंदा नाल्याला पाणी चांगले आले. मग एका पावसाळ्यात जमीन राखण्याच्या खात्याचे प्रभाकरराव गावात आले. अंगाने काटकुळे, डोक्यावर टोपी, बोलणे हळू. त्यांनी नाल्याचे पाणी एका काचेच्या बरणीत भरले आणि ती पारावर ठेवून दिली. सकाळी लोक पाहतात तो वर पाणी नितळ आणि तळाशी बोटभर काळा गाळ. प्रभाकरराव म्हणाले, "हे नुसतं पाणी वाहत नाही, तुमची वावरं वाहताहेत. एवढी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि ती एका झडीत वर्धा नदीला जाऊन मिळते." लोकांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि ते घरी गेले.

प्रभाकरराव मात्र उन्हाळ्यात परत आले. त्यांनी तिपाईवर दुर्बीण बसवली. एक माणूस रंगीत पट्ट्यांची लांब काठी घेऊन उतारावर फिरू लागला. जिथे जिथे जमिनीची उंची सारखी भरली, तिथे तिथे खुंटी ठोकली, आणि सगळ्या खुंट्या चुन्याच्या रेघेने जोडल्या. ती रेघ वाकडी आली, कारण जमीनच तशी होती. कुठे फुगलेली, कुठे बसलेली. त्यात माझा काय दोष? त्या रेघेवर उभ्या केलेल्या बांधामागे पाण्याला पळायला सखल जागा सापडत नाही. ते थांबते, पसरते आणि जमिनीत मुरते. फारच झाले तर टोकाला दगडाचा सांडवा आहे, तिथून शहाण्यासारखे बाहेर पडते. मला सरळ बांधले असते तर मी दिसायला देखणा झालो असतो आणि कामाचा उरलो नसतो. सरळ बोटाने तूप निघत नाही, हे तुमच्या घरच्या माणसांनाही ठाऊक आहे.

पुरुषांनी माती खणली आणि बायांनी टोपल्यांनी वाहिली. बाकीच्या बाया मजुरीसाठी येत. आनंदाबाई मजुरीसाठी येत असे आणि आपल्या वावरासाठीही. तिचे आणि तिचा नवरा नत्थू याचे वावर उतारावर सर्वांत खाली होते. वरच्यांचे पाणी त्यांच्याच अंगावर यायचे. माती इतकी पातळ उरली होती की वखर चालताना खालचा मुरूम खरखरायचा. टोपली रिकामी केली की आनंदाबाई ती माती पायाने दाबून दाबून बसवायची. माझ्या अंगात तिच्या टाचांचा जोर आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

तिच्या वरचे वावर पुंडलिकरावांचे. गावात त्यांच्या पेरणीची ख्याती होती. त्यांच्या पऱ्हाटीचा तास, म्हणजे कपाशीची ओळ, इतका सरळ की या टोकाला डोळा लावला तर त्या टोकाचा माणूस दिसावा. पाहुणे आले की आधी त्यांना धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या शिवेवर, उभे करून तास दाखवायचे, मग जेवायला वाढायचे. आणि मी नेमका त्यांच्या वावरातून आडवातिडवा गेलो! माझ्या वळणापाशी वखर अडे, कोपरे सुटत, तास तुटे. पुंडलिकराव मला कुत्र्याचे शेपूट म्हणू लागले.

पहिल्या पावसाळ्यानंतर जीपमधून साहेब लोक आले. त्यांनी मला झेंडूचा हार घातला, माझ्यावर उभे राहून फोटो काढले आणि ते गेले. जीप वळण्याआधीच शेळीने हार खाल्ला. त्या वर्षी पावसाने मध्येच दडी मारली, तरी माझ्यामागची पऱ्हाटी हिरवी राहिली. आनंदाबाईच्या वावरात तूर डोलायला लागली. लोक म्हणाले, यंदा पाऊस बरा झाला. माझे नाव कोणी काढले नाही. मला राग आला, आणि अजूनही येतो.

पुढे माझ्यावरून ढोरे जाऊ लागली. उंदरांनी पोटात बिळे केली. कोणी घर सारवायला माझीच माती खणून नेली. फक्त आनंदाबाई दर उन्हाळ्यात यायची, बिळे बुजवायची आणि माझ्या पाठीवर मारवेल गवताची ठोंबे लावायची.

एका उन्हाळ्यात पुंडलिकराव माणसे आणि फावडी घेऊन आले. त्यांना माझे वळण कापून तेवढा तुकडा धुऱ्याला समांतर बांधायचा होता. आनंदाबाई आणि नत्थू धावत आले. आदल्या दसऱ्याला ती दोघे नागपूरला जाऊन बौद्ध झाली होती. तेव्हापासून ही बाई फार बोलायला लागली, असे गावातले काही जण म्हणत. मी सांगतो, ती आधीही बोलत होती. लोकांना ऐकू आता येऊ लागले होते.

"काऊन तोडून राह्यले बांध?" तिने विचारले.

"तोडून नाई राह्यलो, सरळ करून राह्यलो," पुंडलिकराव म्हणाले. "माह्या वावरात मी काय बी करीन. नत्थू, तुह्या बायकोले घरी घेऊन जाय."

नत्थू म्हणाला, "तिले पाय आहेत, भाऊ. तिले जायचं असन तं जाईन."

आनंदाबाई पुढे झाली. "वावर तुमचं. पण बांध फुटला तं पाणी कोणाच्या वावरात येईन? तुम्ही बांध त्या खोलगट जागेतून नेऊन राह्यले. सारं पाणी तिथंच गोळा होईन."

"आमच्या बापजाद्यांनी धुरे सरळच बांधले. मले पाणी नको शिकवू."

फावडी चालली. मला दुखले, पण दुखण्यापेक्षा संताप जास्त झाला. नाचता येईना अंगण वाकडे, तसे वखर वळवता येईना म्हणून बांध वाकडा! दोरी धरून त्यांनी माझा मधला तुकडा सरळ बांधला. पुंडलिकरावांनी लोकांना बोलावून तो दाखवला. खरे सांगायचे तर दिसायला तो सुंदर होता.

मग ऑगस्टमध्ये झड लागली. सूर्य दिसेना, गुरे गोठ्याबाहेर पडेनात. माझ्या दोन्ही वाकड्या बाजूंचे पाणी नव्या तुकड्याकडे धावले आणि खोलगट जागेत साचत गेले. सांडव्यापर्यंत ते पोचलेच नाही. मी दोन्ही टोके घट्ट धरून होतो, पण मधले अंग माझे नव्हते. भर दुपारी ते फुटले. आधी पुंडलिकरावांची माती गेली आणि तिच्यामागून पाणी आनंदाबाईच्या वावरात घुसले. गुडघ्याएवढी पऱ्हाटी मुळासकट उपटली गेली. वावराच्या मधोमध एक रुंद पट्टा मुरुमापर्यंत खरवडून निघाला. आनंदाबाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन धुऱ्यावर उभी होती. ती मोठ्याने रडली. नत्थू तिच्याजवळ नुसता उभा राहिला.

उघाड पडली तेव्हा तिच्या वावराच्या खालच्या कोपऱ्यात काळ्या गाळाचा ढीग साचलेला दिसला. दुसऱ्याच दिवशी पुंडलिकराव बैलबंडी जुंपून तिथे हजर! मागोमाग निम्मे गाव.

"हे माती माही आहे," ते म्हणाले. "माह्या वावरातून वाहून आली. मी घेऊन जातो."

आनंदाबाई ढिगाजवळ गेली आणि त्यावर मांडी घालून बसली.

"न्या ना," ती म्हणाली. "पण तुमची तेवढीच न्या. यात माही बी माती आहे, वरच्या हरिदासभाऊची बी असन. निवडा आन् न्या."

पुंडलिकरावांनी ओंजळभर माती उचलली. ती बोटांमधून गळली. गर्दीत कोणीतरी फिसकन हसले.

"माती कोणी निवडते काय?" ते ओरडले.

"मंग माही कशी म्हणता? भरा बंडी, मी अडवत नाई. पण ते बंडी बांधावर रिकामी होईन, तुमच्या वावरात नाई. आन् बांध जुन्या खुणेवर. वाकडा."

पुंडलिकरावांनी हाताची माती धोतराला पुसली. मग त्यांनी विचारले, अगदी लहान आवाजात, "आन् माहा तास?"

"तास बी वळवा, भाऊ. बांधासंगं वळवा."

ते काही हसतमुखाने तयार झाले नाहीत. त्यांनी बैलांवर राग काढला, माणसांवर ओरडले. पण बंडी माझ्यापाशी येऊन रिकामी झाली. माझा कापलेला बुंधा जमिनीत अजून दिसत होता. त्याच्यावर माती पडू लागली. नत्थूने फावडे घेतले, हरिदास आला, बाया टोपल्या घेऊन आल्या. जुन्या वळणावर मी पुन्हा उभा राहिलो.

आता पुंडलिकरावांचे तास माझ्या संगतीने वळतात. पाहुण्यांना ते आधी जेवायला वाढतात. गेल्या पावसाळ्यात पुन्हा झड लागली, तेव्हा मी सगळे पाणी अडवले आणि सांडव्यातून जे गेले ते नितळ गेले. या वेळीही माझे नाव कोणी काढले नाही. न काढू देत. मी कोणाच्या शाबासकीसाठी उभा नाही.

पण आनंदाबाईच्या वावरातला तो पट्टा तसाच आहे. तिने त्यावर शेणखत टाकले, गाळ टाकला, दोनदा बी पेरले. तिथे काही उगवले नाही. ती अजून टाकते आहे. तो भरून यायला किती पिढ्या लागतील, हे प्रभाकररावांनाही सांगता येत नाही.

मित्रांनो, मला हार नको, फोटो नको. माझ्या पोटात बीळ दिसले तर ते बुजवा, माझ्या पाठीवरचे गवत उपटू नका, तेवढे पुरे. आणि उद्या कोणी मला सरळ करायला आला, तर त्याला आधी त्या उघड्या पट्ट्यावर नेऊन अनवाणी उभे करा. टोचू द्या त्याला मुरूम. तिथून त्याने वर माझ्याकडे पाहावे. मग छाती असेल तर चालवावे फावडे.