पांढरे खूर

आमचा नवा वळू ट्रेलरमधून उतरला तेव्हा माझा भाऊ ऑरिन कुंपणाला टेकून म्हणाला, "आर्डिस, हा वळू आहे की उंदीर?" झालं, त्या दिवसापासून त्याचं नाव उंदीरच पडलं.

मी मुद्दामच तसला निवडला होता. बाबा गेल्यापासून वळूची निवड ऑरिनकडे होती, आणि त्याला आवडायचे ते थोराड, रुंद पुठ्ठ्यांचे, कारण वासरं वजनावर विकली जातात. पण विकायला आधी वासरू बाहेर तर यायला हवं! त्याच्या शेवटच्या वळूची वासरं ओढून काढताना दोन पहिलटकरणी माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. मग मी हट्टालाच पेटले. कालवडींसाठी वळू मी आणणार, ज्याच्या घराण्यात वासरं बारकी जन्मतात असा.

"आण," ऑरिन म्हणाला. "पण एक जरी कालवड दगावली, तर पुन्हा या कामात तोंड घालायचं नाही."

जूनमधल्या वादळात कुंपण पडलं. सकाळी जाऊन बघते तर शेजारच्या व्हर्लिनचा पांढरा वळू, टनभर वजनाचं धूड, माझ्या काळ्या कालवडींच्या मधोमध रवंथ करत बसलेला. आमचा उंदीर बिचारा कोपऱ्यात अंग चोरून उभा. पांढऱ्याची वासरं हाडापेरानं दांडगी असतात. तसलं वासरू पोटात राहिलं, तर पहिलटकरणीचं काही खरं नाही.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देऊन सगळ्यांचे गर्भ पाडता येतील. पण त्यात उंदराचेही गेले असते. ऑरिन म्हणाला पाडू, मी म्हणाले नाही. कोणती कालवड कुणापासून गाभण, हे वासराच्या रंगावरूनच कळणार होतं. तोवर नुसती वाट बघायची. ऑरिन टोमणे मारायचाही थांबला, आणि त्याचं मला जास्त भय वाटायचं.

मार्चमध्ये, बर्फ अजून गुडघाभर असताना, पहिली कालवड भर दुपारी कळा देऊ लागली. गोठ्यात आम्ही दोघं वाकून बघतो तर वासराचे पुढचे दोन पाय दिसत होते. खूर पांढरट.

"पांढऱ्याचंच," ऑरिन हळूच म्हणाला.

कालवडीच्या मानेवर हात ठेवून मी मनातल्या मनात तिची माफी मागितली. ऑरिननं बाह्या सारल्या, पाय ओढायला साखळी अडकवली, तर खुरावरचा पांढरा थर खरवडून त्याच्या बोटांना चिकटला. तो बोटांकडे बघत राहिला.

"आर्डिस," तो म्हणाला, "आपण दोघंही गाढव आहोत."

आईचं पोट फाटू नये म्हणून प्रत्येक वासराच्या खुरांवर जन्मताना असलं मऊ पांढरट आवरण असतं. दोघांनी जन्मभर तेच बघितलंय. भीतीनं अक्कलच गहाण पडली होती. आतला खूर काळा कुळकुळीत होता. ऑरिननं साखळी सोडली, कालवडीनं दोनदा जोर केला आणि बारकं काळं वासरू गवतावर घसरलं, शिंकलं. मी तिथेच बसकण मारली आणि मोठ्यानं रडले.

"अजून बाकीच्या व्हायच्यात," ऑरिन म्हणाला.

"सगळी काळीच होतील," दारातून कुणीतरी म्हणालं. व्हर्लिन होता, टोपी हातात घेऊन उभा.

"तुला रे काय माहीत?" ऑरिननं विचारलं.

"माझ्या सगळ्या गायी भाकड राहिल्या," व्हर्लिन टोपीकडे बघत म्हणाला. "मग डॉक्टरांनी वळूच तपासला. त्याच्यात दमच नाही."

आमच्याकडे कुणाच्या किती गायी भाकड राहिल्या, हे कुणी विचारत नाही. डॉक्टरही एकाचं दुसऱ्याला सांगत नाहीत. त्यात या वळूचं कौतुक व्हर्लिननं सगळ्या खोऱ्याला ऐकवलेलं.

"आणि आम्ही हिवाळाभर जीव मुठीत धरून बसलो होतो," मी म्हणाले.

"लाज वाटली गं," तो म्हणाला. "काय शिव्या द्यायच्या त्या दे."

शिव्या माझ्याकडे भरपूर होत्या. पण छाती इतकी हलकी झाली होती की एकही तोंडाशी येईना. मग लक्षात आलं, याच्या कुरणात या वसंतात एकही वासरू नसणार. माझ्या कालवडी वाचल्या त्या याचं वर्ष बुडालं म्हणून.

"आमच्या कालवडी गाभण राहिल्या की उंदीर मोकळाच असतो," मी म्हणाले. "घेऊन जा."

व्हर्लिननं मान डोलावली आणि टोपी डोक्यावर चढवली. ऑरिन वासराचं नाक गवतानं पुसत होता. मान वर न करताच तो म्हणाला, "आणि व्हर्लिन, पुढचा वळू विकत घेशील तेव्हा आधी हिला विचार. मीही विचारणार आहे."