आत्याचा पहिला मान

दवाखान्यात रंगकाम काढलं म्हणून मला आठवडाभर सुट्टी मिळाली. मी कवळ्या बनवतो. सगळा जन्म लोकांच्या दातांत गेला, आता जरा पाय पसरून वाचावं म्हटलं. पण आमच्याकडे कुणी सुखाने वाचू देईल तर शपथ.

आमच्या घरात वर्षाला एक जाडजूड रहस्यकथा सगळ्यांत फिरते. नियम आत्याचा: शेवटच्या माणसाचं वाचून होईपर्यंत पुस्तकाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग सगळ्यांनी जमून त्यावर मनसोक्त भांडायचं. पहिला मान आत्याचा आणि शेवटचा नंबर माझा, कारण मी रेंगाळत वाचतो. यंदाची बैठक रविवारी, आमच्याच घरी.

सोमवारी ताई आणि मेहुणे आले, किती पानं उरली ते बघून हसले आणि गेले. आत्या मात्र रोज हजर.

"कुठवर आलास?"

"खानावळीचा मालक गायब झालाय."

"मग? सापडला का?"

"तुझं वाचून झालंय ना? मग मला काय विचारतेस?"

"बरं बाबा, वाच," म्हणायची आणि समोर बसून राहायची. माझं डोकं उठायचं. बायको आतून म्हणायची, "त्यांच्यावर कशाला खेकसता?"

गुरुवारी त्या मालकाचं प्रेत विहिरीत सापडलं. मी काहीच बोललो नव्हतो, तर आत्या म्हणाली, "मालक परत आला की बघ, त्याच्या सुनेची कशी तंतरते ते." मला वाटलं, म्हातारी मुद्दाम चकवतेय. मग तिने चहा ओतला. कपाच्या काठावर आतून बोट धरलं आणि चहा बोटाला लागल्यावर थांबली. चटका बसला असणार, पण बोट पदराला पुसून तिने कप माझ्यापुढे केला.

ती गेल्यावर मी पुस्तक चाळलं. वाचन थांबवलं की पानाचा कोपरा दुमडायची आत्याची खोड, कितीही बोंबला, ऐकायची नाही. कोपरे मालक गायब होतो तिथवर दुमडलेले होते. पुढे एकही नाही.

मग मला चहातलं ते बोट आठवलं. दिसेना झालं तेव्हा "झालं वाचून" म्हणत तिने पुस्तक पुढे सरकवलं असणार. आणि तिचाच नियम, त्यामुळे पुढचं कुणी तिच्याजवळ बोललं नाही. रविवारी सगळ्यांदेखत तिचं पितळ उघडं पडलं असतं. जीव गेला तरी आपण होऊन विचारणारी बाई नव्हे ती.

शुक्रवारी मी म्हटलं, "आत्या, मनात वाचलं की मला झोप येते. मोठ्याने वाचू का? तुला कंटाळा येईल म्हणा."

"येईल खरा," म्हणत तिने खुर्ची जवळ ओढली. "पण जरा मागून सुरू कर. निम्मं विसरला असशील तू."

मी मालक गायब होतो तिथपासून सुरू केलं. शनिवारी जेवणाआधी पुस्तक संपलं. आत्या म्हणाली, "खुनी सून नव्हे, हे मला वाटलंच होतं." मला इतकं बरं वाटलं की एवढ्या रोजच्या कटकटीचं काही वाटेनासं झालं.

रविवारी आत्याने मेहुण्यांना तर बोलूच दिलं नाही. विहिरीवरून वाद घातला, खुनी कोण हे कुठे कळायला हवं होतं ते सांगितलं. ताई कौतुकाने म्हणाली, "या वयात काय वाचतेस गं तू, आणि आम्ही बघ."

आत्या खुर्चीत सरळ बसली. तिच्या मनात काय आलंय ते मी ओळखलं, आणि नको म्हणून लांबून मान हलवली. तिला कुठली दिसायला.

"मी निम्मंच वाचलं," ती म्हणाली. "बाकीचं याने वाचून दाखवलं. मला आता अक्षर दिसत नाही."

बायको म्हणाली, "आत्या, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ या."

"जाऊ की. तोंडं कशाला पाडताय सगळे? नवं पुस्तक आणलंय ना? पहिला मान माझाच आहे अजून."

ताई पुस्तक घेऊन तिच्याशेजारी बसली. डोळे भरून आलेले, आवाज कापत होता. पहिल्याच ओळीत दोनदा अडखळली.

"नीट वाच की गं," आत्या म्हणाली. "दिसत नाही का तुला?"