कुनिरची तब्येत

लिंतांगने बरणी आणखी बोटभर फिरवली. लेबलावरच्या तिन्ही कोळंब्या नीट कॅमेऱ्याकडे बघू लागल्या, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. झाकण काढून ठेवलेलं होतं. उघडी बरणी ताजी दिसते, असं साहेबांचं मत होतं.

टेबलामागे बू कासियाती कागद वाचत बसल्या होत्या. सुराबाया शहरातल्या या गल्लीच्या तोंडाशी त्यांची रुजाकची, मसाला घातलेल्या चिरलेल्या फळं-भाज्यांची, गाडी. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी ‘तिगा उदांग’ कंपनीचं नवं पेतिस, म्हणजे कोळंबीचं काळं दाट सार, बशीत काढून आपल्या मांजरीपुढे, कुनिरपुढे ठेवलं. मांजरीने हुंगलं, तोंड फिरवलं आणि चालती झाली. “म्हणे कोळंबीचं!” एवढंच बोलून बूंनी ते फोनवर टाकलं. वीस लाख लोकांनी पाहिलं. कंपनीची छी-थू झाली आणि बूंच्या दारात वकिलाची नोटीस आली. उद्यापर्यंत माफीचा व्हिडिओ दिला नाही, तर पोलिसात तक्रार.

माफी लिहिली होती लिंतांगने. कंपनीच्या प्रसिद्धी खात्यातली तिची ही नववी माफी. ही हातात पडली तरच तिची नोकरी पुढे चालू राहणार होती.

“हे तू लिहिलंस, म्बाक?” तरुण मुलींना बू अशीच हाक मारायच्या.

“हो, बू.”

“गोड लिहितेस गं. अगदी तुमच्या पेतिससारखं.” बूंनी कागद उलटून पाहिला. “आणि हे ओळखपत्र गालाशी कशाला धरायचं?”

“तुम्ही तुम्हीच आहात, हे लोकांना कळावं म्हणून.”

“बावन्न वर्षं झाली, गल्लीत कुणाला शंका नाही आली.”

लिंतांगला हसू फुटणार होतं, ते तिने आवरलं. नोटीस मिळालेली माणसं रडतात, नाहीतर शिव्या देतात, हे तिला माहीत होतं. ही बाई मात्र कागदावर चिकटवलेलं महसुली तिकीट उजेडात धरून बघत होती. सही निम्मी तिकिटावर आणि निम्मी कागदावरच का करायची, तेही तिला समजून घ्यायचं होतं. मग बूंचं बोट एका ओळीवर थांबलं.

“‘त्या दिवशी माझी मांजर आजारी होती. आज ती ठणठणीत आहे.’ हे कोण म्हणतं?”

“साहेबांनी घालायला सांगितलं.”

“माझ्याबद्दल काय वाट्टेल ते वदवून घे. मी अडाणी, मी आगाऊ, सगळं म्हणते. पण मुक्या जनावरावर आळ कशाला?”

“ते वाक्य राहायलाच हवं, बू. नाहीतर साहेब घेणार नाहीत. मग पोलीस…”

बोलता बोलता लिंतांगला स्वतःचीच लाज वाटली. बूंनी बरणीकडे बोट केलं.

“तू खाल्लंयस का हे कधी?”

‘प्रत्येक थेंबात समुद्र’ हे वाक्य लिंतांगचंच होतं. तीन वर्षं ती ते फिरवून फिरवून लिहीत आली होती. फुकट मिळालेल्या बरण्या मात्र तिची आई शेजारीपाजारी वाटून टाकायची. तिने बरणीत बोट बुडवलं आणि चाटलं. गोड, मग खारट, मग पुन्हा गोड. समुद्र येईल म्हणून ती थांबून राहिली.

“काय लागलं?”

“गूळ.”

बू हसल्या नाहीत. त्यांनी तिकिटावर सही ठोकली आणि ओळखपत्र गालाशी धरलं. “चल, सुरू कर.”

बूंनी फार छान वाचलं. एक शब्द गाळला नाही, आवाजात कुचकेपणा आणला नाही. ‘त्या दिवशी माझी मांजर आजारी होती,’ इथवर त्या आल्या आणि तांदळाच्या पोत्यामागून हळदीच्या रंगाची कुनिर बाहेर आली. तिने टेबलावर उडी मारली. ‘आज ती ठणठणीत आहे,’ बू वाचत होत्या. कुनिरने उघड्या बरणीत नाक घातलं, तीनही कोळंब्यांकडे पाठ केली, शेपूट ताठ ठेवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि पंजा चाटत बसली.

लिंतांगने हे सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. तिचं बोट पुसून टाकायच्या खुणेवर गेलं आणि तेवढ्यात फोन वाजला.

“झालं का?” साहेब विचारत होते. मागून हॉर्नचा गोंगाट येत होता.

“झालं, पाक हेंद्रो.”

“सगळे शब्द आले? मांजर आजारी होती म्हणाली?”

“म्हणाल्या. आज ठणठणीत आहे, असंही म्हणाल्या.”

“शाब्बास! टाकून दे आपल्याच पानावर.”

लिंतांगने पंजा चाटणाऱ्या कुनिरकडे पाहिलं. “आधी एकदा बघून घेता का?”

“गाडी चालवतोय गं. शब्द बरोबर आहेत ना? मग झालं तर.”

फोन बंद झाला. जिभेवर अजून गूळ होता. लिंतांगने व्हिडिओ कंपनीच्या पानावर टाकला आणि झाकण शोधून बरणीला घट्ट लावलं.

“पुन्हा म्हणू का?” बूंनी ओळखपत्र खाली ठेवत विचारलं. “कुनिर मध्येच कडमडली वाटतं.”

“नको, बू,” लिंतांग म्हणाली. “ठणठणीत दिसतेय अगदी.”